खुर्चीवरची कुऱ्हाड

रेवाचा फोन आला तेव्हा मी डब्यात पोहे भरत होते, भावजींसाठीच. हॉस्पिटलचं जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं आणि आदल्या संध्याकाळी त्यांनी मला बजावलं होतं, "सुलू, उद्या येताना पोहे आण. आणि शेंगदाणे घालताना हात आखडू नकोस." रेवा ही माझी भाची, ताई आणि भावजींची एकुलती एक मुलगी. जन्म इथला, इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा, त्यामुळे बापाला बिनदिक्कत अरे-तुरे करणारी. ती फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, बाबा गेला." मी डब्याला झाकण लावलं, परत काढलं, परत लावलं. शेवटी तो डबा हातात घेऊनच ताईच्या घराकडे चालायला लागले. कशासाठी घेतला होता कोण जाणे.

मला वाटलं होतं ताई कोसळलेली असेल. ती तर डायनिंग टेबलापाशी उभी राहून भावजींची खुर्ची ओल्या फडक्याने पुसत होती. डोळे कोरडे. मला बघून म्हणाली, "सुलू, भिंतीवरची ती कुऱ्हाड काढ गं, माझा हात पुरत नाही. ह्यांच्या खुर्चीवर ठेव. आता लोक भेटायला येतील, ह्यांची जागा रिकामी दिसायला नको." मी काहीएक न विचारता स्टुलावर चढले. विचारायचं काय होतं? त्या घरातली ती रीत मला कित्येक वर्षं ठाऊक होती. मग फ्युनरल होईपर्यंत ती कुऱ्हाड तशीच त्या खुर्चीवर बसून होती, आणि भेटायला येणारे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते. पुण्याहून नुकताच नोकरीसाठी आलेला मंडळातला एक मुलगा चहाचा कप घेऊन नेमका तिथेच टेकायला लागला, तेव्हा मी पटकन म्हणाले, "अरे, तिथे नको. तिथे भावजी बसलेत." दुःखाने बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. बिचारा पुढचा सगळा वेळ उभाच राहिला.

ही कुऱ्हाड काय प्रकरण होतं ते सांगायचं तर टांझानियापासून सुरुवात करायला हवी. डॉक्टर जयंत सबनीस, म्हणजे आमचे भावजी, मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात, लग्नाच्या आधी, ते टांझानियातल्या टाबोरा भागात सरकारी कंत्राटावर डॉक्टर म्हणून गेले. तिथल्या उन्हाचं त्यांना काही वाटलं नाही, नागपूरचा माणूस तो. शिवाय तिथे आंब्याची झाडं होती, त्यामुळे आपण परदेशात आहोत हे त्यांच्या बरेच दिवस लक्षातच आलं नाही, असं ते म्हणायचे. तिथे बहुतेक वस्ती न्याम्वेझी लोकांची. त्यांच्यातले मानाचे वडीलधारे खांद्यावर कुऱ्हाड घेऊन चालतात हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि हे सगळे लाकडं तोडायला कुठे निघालेत असं कुणाला तरी विचारून हसं करून घेतलं. त्या कुऱ्हाडीने लाकूड तोडायला गेलात तर आधी तिचा दांडाच मोडेल. पातं पातळ, पंख्यासारखं पसरलेलं. दांडा सडपातळ, वरच्या टोकाला फुगीर, आणि त्याच्यावर तांब्याची तार इतकी घट्ट गुंडाळलेली की खाली लाकूड आहे हे कळू नये. पूर्वी तिथे गावोगावी राजे असत. देश स्वतंत्र झाल्यावर सरकारने त्यांचे अधिकार काढून घेतले, पण खांद्यावरची कुऱ्हाड आणि तिच्यामागचा मान काही काढून घेता आला नाही. आजोबांची कुऱ्हाड मुलाकडे, मुलाची नातवाकडे, अशी ती चालत यायची.

असेच एक आजोबा पायाची जखम चिघळली म्हणून भावजींच्या वॉर्डात भरती झाले. त्यांचं नाव मगांगा. हा किस्सा मी भावजींच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मीच तिथे हजर होते असं मला वाटतं. दर खेपेला कुऱ्हाडीची लांबी थोडी वाढायची आणि मेट्रनची उंचीही. मेट्रन म्हणाली, वॉर्डात हत्यार चालणार नाही. मगांगा म्हणाले, मग मीही चालणार नाही. शेवटी भावजींनी ती कुऱ्हाड पलंगाच्या उशाशी, सलाइनची बाटली टांगतात त्या खांबाला टांगली आणि मेट्रनला सांगितलं की ही ट्रीटमेंटच आहे. तरीही म्हातारा बोलेना. भावजी केसपेपर घेऊन पलंगाशी उभे राहत, प्रश्न विचारत, आणि मगांगा छताकडे बघत पडून राहत. शेवटी वॉर्डातल्या एका बाईने भावजींना बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर, ज्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते त्याच्याशी कुणी उभ्याने बोलत नाही." भावजींनी स्टूल ओढलं आणि बसले. मगांगा मान वळवून म्हणाले, "हं. आता विचार."

पाय वाचला, बोटं मात्र काढावी लागली. महिनोन् महिने तो म्हातारा तिथे होता. मध्येच त्यांच्या गावात जमिनीच्या भांडणावरून बैठक बसली आणि ह्यांना तर पलंगावरून हलता येत नव्हतं. तेव्हा त्यांनी आपल्या पुतण्याच्या हातात कुऱ्हाड दिली आणि भावजींना म्हणाले, ह्याला तुझ्या गाडीतून सोड. भावजी गेले. जाताना सगळा रस्ता तो पुतण्या गप्प. भावजींनी विचारलं तरी उत्तर नाही. गावात पोचल्यावर त्याने कुऱ्हाड मगांगांच्या स्टुलावर ठेवली, मग कुठे त्याचं तोंड उघडलं. त्यांच्या घरची रीतच तशी होती. कुऱ्हाड पोचली की माणूस पोचला, आणि ती बसेपर्यंत आणणाऱ्याने बोलायचं नाही. मग सगळी बैठक त्या स्टुलाकडे तोंड करून झाली. जो तो कुऱ्हाडीला उद्देशून आपली बाजू मांडत होता, आणि गंमत म्हणजे कुणी आवाज चढवला नाही. "आपल्या मंडळाच्या एजीएमला एकदा करून बघायला हवं," असं भावजी नेहमी म्हणायचे.

कंत्राट संपलं आणि भावजी इंग्लंडला निघाले, तेव्हा मगांगा काठी टेकत त्यांना निरोप द्यायला आले आणि स्वतःच्या खांद्यावरची कुऱ्हाड काढून त्यांनी भावजींच्या खांद्यावर अडकवली. भावजी नको नको म्हणत होते. म्हातारा म्हणाला, "मला इथे कुत्रंसुद्धा ओळखतं. माझ्या मुलांना शहरात ही अडगळ वाटते. तुला तिथे कुणी ओळखणार नाही. ही असली तर तुला कुणी उभं ठेवणार नाही. मात्र परत आणायची... तू स्वतः आणायची." भावजींनी शब्द दिला. तेव्हा ते तिशीच्या आतले होते, आणि त्या वयात माणसाला वाटतं की सगळीकडे परत जाता येतं.

इथे मात्र त्या कुऱ्हाडीचं काही चाललं नाही. इथे त्यांना वर्षानुवर्षं उभंच ठेवलं. त्यांना सर्जन व्हायचं होतं. कार्डिफला ज्युनिअर, मँचेस्टरला पुन्हा ज्युनिअर, आणि ज्यांना त्यांनी टाके घालायला शिकवलं ते पुढे निघून गेले. सर्जरीच्या दाराबाहेर उभं राहून राहून शेवटी ते वॉटफर्डला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात आले, कारण तिकडे कुणाला जायचं नव्हतं. मला त्याचा राग यायचा, आजही येतो. त्यांना नव्हता, किंवा त्यांनी तो कधी दाखवला नाही. माझ्या सासूबाई आजारी असताना मी त्यांना त्या वॉर्डात काम करताना पाहिलं. सगळे डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून आपसांत बोलत होते, आणि हा एकटा माणूस खुर्ची ओढून म्हातारीच्या तोंडासमोर बसून विचारत होता, "काय म्हणता, रात्र कशी गेली?" प्रत्येक म्हाताऱ्याची काठी कपाटामागे न ठेवता त्याला दिसेल अशी उशाशी टांगायची, हा त्यांचा हुकूम होता. नर्सेस वैतागायच्या, सारख्या काठ्या पडतात म्हणून. त्या काठ्या उशाशी का, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं.

ताईचं लग्न होऊन ती कार्डिफला गेली तेव्हा मी नाशिकला कॉलेजात होते. तिचं पहिलं पत्र आलं, त्यात थंडीचं वर्णन, दुधाच्या बाटल्यांचं वर्णन, आणि शेवटी, "माणूस स्वभावाने बरा वाटतो, पण पलंगाच्या वर कुऱ्हाड टांगून झोपतो. आईला सांगू नकोस." मी अर्थातच सांगितलं. आई आठवडाभर जेवली नाही. पुढे माझंही लग्न इथल्याच एका अकाउंटंटशी झालं, मी वॉटफर्डला आले, भावजींचीही बदली इथे झाली, आणि ती सुप्रसिद्ध कुऱ्हाड मला बघायला मिळाली. ताई तिला "माझी सवत" म्हणायची. भावजी म्हणायचे, "सवत कसली, ती तर तुझ्या आधीची."

आणि मग ती खंडेनवमी. आमच्या माहेरी त्या दिवशी घरातलं झाडून सगळं लोखंड पुजायचे... विळी, अडकित्ता, वडिलांची सायकल. ताईने विचार केला, आपल्या घरात खरंखुरं शस्त्र असताना भाजीची सुरी काय पुजायची? भावजी ऑन-कॉल होते. तिने कुऱ्हाड भिंतीवरून काढली आणि काळी पडलेली ती तार बघून तिच्यातली गृहिणी जागी झाली. चिंच कोळली, मीठ घेतलं, आणि देवाचा तांब्या घासावा तशी ती तार घासघासून लख्ख केली. पात्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू मिळाला नाही म्हणून कार्नेशनचा हार घातला. मी संध्याकाळी गेले तेव्हा कुऱ्हाड पाटावर होती आणि अशी झगमगत होती की कालच दुकानातून आणली असावी. ताईला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. तेवढ्यात भावजी आले. बूट न काढता तिथेच थांबले. मग हळूच खाली बसले आणि म्हणाले, "शैला, हिच्यावर चार पिढ्यांच्या हाताचा मळ होता."

"मळच ना?" ताई म्हणाली. "मग काढला."

भावजी हसले. अगदी खरं सांगते, हसले. पण त्यांचा हात त्या तारेवरून फिरत होता आणि चेहरा असा झाला होता, की मी चहा टाकायच्या निमित्ताने आत निघून गेले. ते रागावले असते तर ताईला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "असू दे. होईल परत."

त्या आठवड्यापासून दर रविवारी एक उद्योग सुरू झाला. भावजी आंघोळीच्या आधी डोक्याला खोबरेल तेल लावायचे आणि हाताला उरलेलं तेल त्या दांड्याला चोळायचे. घाई नाही. कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, खुर्ची टाकून, रेडिओ लावून, वरपासून खालपर्यंत मुठीतून दांडा फिरवत राहायचे. पुढे केस गेले, तेल काही गेलं नाही. डोक्याला हात लावल्यासारखं करायचे आणि सगळं तेल कुऱ्हाडीला. रेवा लहानपणी बापाच्या मांडीवर बसून एका हाताने तीही चोळायची. ताई म्हणायची, "अहो, माझ्या पायांना कधी लावलंत का एवढं?" मग ते तिच्याही पायांना लावायचे, आणि ती खुशाल लावून घ्यायची. सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं. एखाद्याला बागकाम, तसं ह्यांचं हे.

आपल्या लोकांत मानमरातब कसा मोजतात ते वेगळं सांगायला नको. कुणाच्या ड्राइव्हवेत कुठली गाडी, कुणाची मुलं कुठल्या शाळेत, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात मधोमध ओटा आहे. भावजींची गाडी जुनीपुराणी, स्वयंपाकघर तर ताई आजही शिव्या देते असं. पण गणपतीच्या मिरवणुकीत ते झब्बा घालून, खांद्यावर कुऱ्हाड अडकवून हॉलच्या कार पार्कमध्ये असे चालायचे की अध्यक्षसुद्धा त्यांना आपोआप पुढे जाऊ द्यायचे. एकदा एका तरुण पोलिसाने त्यांना अदबीने थांबवलं. भावजींनी त्याला बाकावर बसवून टाबोरापासून सगळं सांगितलं. मिरवणूक संपली तरी ते दोघं बसलेलेच. शेवटी त्या पोलिसानेच माफी मागितली आणि पुढच्या वर्षीपासून फक्त ती कापडात गुंडाळून आणा म्हणाला.

मगांगांच्या घरची रीतही त्यांनी इथे सुरू केली. माझ्या मुलीच्या, मुग्धाच्या साखरपुड्याला त्यांना वॉर्ड सोडून येणं जमेना. मी फोनवर चांगली फणफणले. हॉलमध्ये सगळे जमलेले असताना ताई आली, शालीत गुंडाळलेली कुऱ्हाड घेऊन. मी विचारलं, "काय गं, हे काय?" उत्तर नाही. आमची ताई, जी श्वास घ्यायलासुद्धा बोलणं थांबवत नाही, ती ओठ मिटून सरळ पहिल्या रांगेत गेली, माझ्या विहीणबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर तिने कुऱ्हाड नीट बसवली, आणि मग वळून म्हणाली, "आले हो तुझे भावजी. आता रुसवा सोड." विहीणबाईंनी आपली खुर्ची जरा पलीकडे सरकवली. आता आमच्या फोटोंमध्ये सगळे नातेवाईक आहेत आणि मधोमध एक कुऱ्हाड आहे.

मगांगा कधीच गेले होते. त्यांच्या नातीशी, नीएमाशी, भावजींचं जमलं होतं. ती टाबोऱ्याला शाळेत शिकवते. रविवारी तेल लावता लावता फोनवर दोघं बोलायचे, ती अर्धं इंग्लिश, हे अर्धं स्वाहिली. दोनेक वर्षांपूर्वी तिने सांगितलं की घराण्याचा वडील म्हणून तिच्या थोरल्या भावाला, जोसेफला, बसवायचं ठरतंय, आणि तेव्हा खांद्यावर आजोबांचीच कुऱ्हाड असावी असं सगळ्यांच्या मनात आहे. भावजी इतके हरखले की त्यांनी त्याच दिवशी लॉफ्टमधून बॅग काढली. पण मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिकडे जायला डॉक्टरांनी साफ मनाई केली, आणि हे स्वतःच डॉक्टर असल्यामुळे वादही घालता येईना. रेवा म्हणाली, "बाबा, आपण चांगल्या कुरियरने पाठवू, इन्शुअर करून." भावजी म्हणाले, "बेटा, माणूस कुरियरने जातो का?" तिकडच्या लोकांनी समारंभ पुढे ढकलला. डॉक्टर बरे होऊ देत, म्हणाले. बॅग जिन्याखाली तशीच भरलेली राहिली.

शेवटच्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. खुर्ची ओढून, अर्थातच. पोह्यांचं सांगून झालं, मग थोडा वेळ डोळे मिटून पडले. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "किती रविवार झाले, तेल राहिलंय. आणि हो, शैलाला सांग, चिंच लावू नको म्हणावं." मी हसले, तेही हसले... आमचं शेवटचं बोलणं ते.

फ्युनरलनंतर प्रश्न उभा राहिला, आता कुऱ्हाडीचं काय? रेवाचं म्हणणं, एखाद्या म्युझियमला द्यावी, तिथे ती नीट राहील. ताईची परवानगी गृहीत धरून तिने लंडनच्या एका म्युझियममधल्या बाईंना बोलावलंही. बाई फार सज्जन. हातमोजे घालून, भिंग लावून बघत होत्या. पात्याच्या मुळाशी लाल कण दिसल्यावर त्यांचे डोळे चमकले. हा विधीतला रंग असणार, म्हणाल्या, फार मोलाचा पुरावा आहे. ताई इतका वेळ कोपऱ्यात गप्प बसली होती. ती म्हणाली, "दॅट इज कुंकू. फ्रॉम अवर हाय स्ट्रीट." बाईंनी तेही लिहून घेतलं. त्या गेल्यावर ताईने कुऱ्हाड उचलून मांडीवर घेतली आणि आम्हा दोघींना सांगितलं, "ही कुठे जाणार नाही. म्युझियमला नाही आणि टाबोऱ्यालाही नाही. ह्यांचे कपडे मी धुतले, ह्यांची उशी धुतली, मूर्खासारखी सगळं धुऊन बसले. ह्यांच्या हाताचं आता हिच्यावरच काय ते उरलंय." रेवा म्हणाली, "पण आई, बाबाने प्रॉमिस केला होता." ताई म्हणाली, "तुझ्या बाबाने मलाही पुष्कळ शब्द दिले होते. म्हातारपणी एकत्र फिरू म्हणाले होते." मी जाऊन तिच्या शेजारी बसले, बस.

नीएमाचा फोन आला तो सांत्वनाचा. आजोबांच्या कुऱ्हाडीचं तिने नावसुद्धा काढलं नाही. फोन ठेवता ठेवता एवढंच म्हणाली की समारंभ जुलैत आहे, जोसेफ शेजारच्या घराण्याची कुऱ्हाड मागून आणेल, काही अडत नाही. आणि डॉक्टरांसाठी एक स्टूल मात्र ठेवणार आहोत, रिकामं असलं तरी. ताईने "थँक यू" म्हणून फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तर ताई कन्झर्व्हेटरीत, भावजींच्या जागी बसलेली. पुढ्यात तेलाची बाटली, मांडीवर कुऱ्हाड. ती तार उजेडात धरून बघत होती. चाळीस वर्षांपूर्वी तिने जी लख्ख केली होती, ती आता काळीभोर झाली होती, गुळगुळीत, आत कुठेतरी तांबूस. "सुलू," ती म्हणाली, "मला वाटायचं ह्यांना नाद आहे. नाद नव्हता गं. मी घासून टाकली होती ना... ती होती तशी करून परत द्यायची होती ह्यांना. चार पिढ्यांचा मळ एकट्याने भरून काढत बसले. आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत." मी म्हटलं, "बोलले असते तर तू भांडली असतीस." "भांडलेच असते," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावून उठली. "रेवाला फोन लाव. तिकिटं काढ म्हणावं. तीच बॅग घेऊन जाऊ, ह्यांनी भरलेली."

विमानतळावर काय झालं ते रेवा सांगते तेव्हा ऐकण्यासारखं असतं. कागदपत्रं, पेटी, तिला लावलेली सीलं, आणि काउंटरवरच्या मुलीला "हे माझे मिस्टर आहेत" असं सांगणारी ताई. माझ्याकडे घराच्या किल्ल्या आणि टोमॅटोंना पाणी घालायचं काम होतं. समारंभाचा दिवस रविवारचा होता. मी पाणी घालून आत येऊन बसले. भिंतीवर दोन रिकाम्या खुंट्या, आणि मध्ये कुऱ्हाडीच्या आकाराचा रंग न उडालेला भाग. तेवढ्यात रेवाचा व्हिडिओ कॉल आला. आंब्याच्या झाडाखाली खूप माणसं, पुढे ओळीने स्टुलं, आणि त्यांच्या मधून हिरव्या पैठणीतली माझी बहात्तर वर्षांची बहीण चालत येत होती, खांद्यावर कुऱ्हाड, ओठ मिटलेले. रेवा कुजबुजली, "मावशी, सकाळपासून आई एक वर्ड पण नाही बोलला." ताईने कुऱ्हाड त्या रिकाम्या स्टुलावर ठेवली. नीट बसली का बघितलं, पदराने पुसल्यासारखं केलं.

मग मगांगांची मुलगी, नीएमाची आत्या, पुढे आली. फार म्हातारी, दिसत नव्हतं तिला. तिने हाताने दांडा चाचपला, वरपासून खालपर्यंत, सावकाश, थेट भावजींसारखंच. बराच वेळ. मग त्या स्टुलाकडे तोंड करून काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. नीएमाने इंग्लिशमध्ये सांगितलं आणि रेवाने मला. आत्या म्हणाली होती, "हात लागलेला आहे. आलास होय, डॉक्टर? फार उशीर केलास. बस आता."

भावजी गेल्यापासून ताई एकदाही रडली नव्हती. ती तिथे, त्या अनोळखी माणसांत, खाली जमिनीवर बसली आणि मोठमोठ्याने रडली, आणि त्या आंधळ्या आत्याने तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. फोन हलला, मग नुसती आंब्याची पानं दिसत राहिली. ताईचा आवाज तेवढा आला, "सुलू, पोचले गं हे... बसवलं त्यांना." पुढे जोसेफने ती कुऱ्हाड उचलून खांद्यावर घेतली म्हणे. ते मला दिसलं नाही.

फोन बंद झाल्यावर मी कन्झर्व्हेटरीत जाऊन भावजींच्या खुर्चीवर बसले. खिडकीत खोबरेल तेलाची बाटली तशीच होती, अर्धी. रविवार होता. काही विचार न करता मी तळहातावर तेल ओतलं आणि मग लक्षात आलं, चोळायला आता काही नाही. थोडा वेळ तशीच बसून राहिले, हात पुढे धरून. मग ते तेल माझ्याच पायांना लावलं, घाई न करता, वरपासून खालपर्यंत.